आत्यांच्या हातातला घास

लोकांना गाणं ऐकलं की काय काय आठवतं. कुणाला कॉलेजातली पोरगी, कुणाला गावची जत्रा. माझ्या एका मित्राला एक ठरावीक गाणं लागलं की त्याच्या आजोबांची बिडी आठवते आणि तो खरोखर खोकतो. माझं तसं नाही. मला आवाज आठवतात. शाळेची प्रार्थना म्हटली की आमच्या तालुक्याच्या शाळेतले हेडसर. त्यांचा गळा प्रत्येक ओळीच्या शेवटाला बसायचा, मग ते 'ऊंहूं' करायचे आणि गाडी परत चालू. आरती म्हटली की कोपऱ्यावरचे किराणावाले काका. ते सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढं असायचे, जसं काय देव आधी त्यांच्याच दुकानात येणार होता.

हे सगळे आवाज मला काढता येतात. हेडसरांचा काढला म्हणून वर्गात मार खाल्ला आणि गॅदरिंगला तोच आवाज काढला म्हणून बक्षीस घेतलं. दोन्ही वेळेला हात एकच, हेडसरांचा. तेव्हा मला कळलं की नक्कल कुठं करायची हे कळलं पाहिजे. कशी करायची ते येतंच.

पण एक गाणं असं आहे की ते सुरू झालं की माझं डोकं तापतं. 'रुखवत आलं रुखवत.' एवढे तीन शब्द कुणी म्हणू दे. माझ्यासमोर खांदेश्वरचा तो लग्नाचा हॉल येतो. स्टेजवर थर्माकोलचा मोर, त्याची मान जरा मोडलेली. पनीरचा वास. आणि माईकवर एक नाकातला आवाज, मधेच बारीक खोकला, 'ख्खं', आणि परत नाक.

हा आवाज आत्यांचा. माझ्या नाहीत, दाजींच्या आत्या.

सांगतो. आमचे आप्पा मार्केटमध्ये हमाल. माथाडी म्हणतात, पण आप्पा स्वतः हमालच म्हणतात. साताऱ्याकडनं तरुणपणी आले, कांदा-बटाट्याच्या गोण्या पाठीवर घेतल्या त्या अजून घेतायत. आई सीवूड्सला दोन बिल्डिंगीत चपात्या लाटायला जाते. आमी राहतो करावे गावात, भाड्याच्या दोन खोल्यांत. मी बारावीपर्यंत गावाला चुलत्यांकडं होतो, मग इकडं आलो. आता वाढदिवस, हळदी, सोसायटीचे कार्यक्रम, तिथं माईक धरून बोलतो. नक्कल करतो, लोक हसतात, घर चालायला हातभार लागतो.

ताईचं लग्न झालं ते प्रेमाचं. दाजी कॉलेजात भेटले. घर व्यापाऱ्याचं, मार्केटमध्ये मोठा गाळा, कांदा-लसणाचाच. म्हंजे ज्या गाळ्यांवर आप्पा गोण्या टाकायचे त्यातलाच एक. दाजींची आई नाही. त्यामुळं लग्नात वरमाई म्हणून मिरवल्या त्या आत्या. खारघरला दाजींचा मोठा फ्लॅट, आत्या मिस्टरांसकट तिथंच राहतात, घरात सगळा शब्द त्यांचा. त्यांचे मिस्टर म्हंजे बोलायचं खातं बायकोकडं देऊन मोकळे झालेले गृहस्थ.

आता आमच्याकडं एक पद्धत आहे. लग्नात रुखवत मांडलं, म्हंजे मुलीच्या आईनं केलेले लाडू, करंज्या, शोभेच्या वस्तू, की मुलाकडच्या बायका गाणं म्हणतात. त्यात विहिणीला नावं ठेवायची. मुलीच्या आईनं तेव्हा गप्प ऐकायचं, हसायचं. तिची पाळी येते पंगतीत. वरमाईला पाटावर बसवायचं, ताटाभोवती रांगोळी काढायची, वाढायचं, आणि तिनं पहिला घास हातात घेतला की मुलीकडच्यांनी उत्तराचं गाणं म्हणायचं. गाणं संपेपर्यंत विहिणीनं घास हातात धरून ठेवायचा. मग खायचा. झालं, फिट्टंफाट. कुणाच्या मनात कायसुद्धा राहत नाही.

आणि या गाण्यांना एक हद्द असते. आई सांगते तसं, "नाकाला हसा, वरणातल्या पाण्याला हसा, साडीच्या काठाला हसा. माणूस जे करून पोट भरतो, त्याला हसायचं नाही."

आत्यांनी माईक घेतला आणि सुरुवात छान केली.

"रुखवत आलं रुखवत, वर घातला दुपट्टा,
लाडू फोडाया विहीणबाईंचा, आणा कुणी खलबत्ता!"

हॉल हसला. आई पण हसली, लाडू खरंच जरा कडक झाले होते. मग आत्यांनी 'ख्खं' केलं आणि पुढचं घेतलं.

"विहीणबाईंच्या दारात कसली मोठी धमाल,
शालू नेसून विहीण मिरवी, मागं उभा..."

शेवटचा शब्द सगळ्या बायकांनी मिळून म्हणायचा असतो. त्यांना तो आधीच शिकवलेला होता. सगळ्या ओरडल्या, "हमाल!"

आप्पा खरंच आईच्या मागं उभे होते. लाडवांचा डबा दोन्ही हातांत धरून. डोक्याला भगवा फेटा, सकाळी एका जाणत्याकडनं बांधून घेतलेला, आणि तेव्हापासनं ते मान वळवायची असली तर अख्खे वळत होते. आप्पा हसले. सगळे हसतात तर आपण पण हसावं, असा माणूस आहे तो. पण जेवणाच्या वेळेला बघितलं तर डोक्यावर फेटा नाही.

"आप्पा, फेटा?"

"गरम होतंय रं."

हॉल एसी होता. मला स्वेटर पाहिजे होता तिथं.

आईनं महिनाभर आधीपासनं उत्तराचं गाणं बसवलं होतं. चपात्या लाटताना, भांडी घासताना. आपल्या घरात असलं तसलं गाणं नको, चांगलं झालं पाहिजे, म्हणून. आणि आत्यांचं ऐकल्यावर तिनं उभ्या उभ्या त्यात दोन ओळी नव्या घातल्या. मला कानात म्हणाली, "पंगत कुठल्या बाजूला बसणार?"

"आई, बुफे आहे."

"आरं पण विहिणीची पंगत?"

"सगळ्यांनाच बुफे."

"मग ती घास कुठं धरणार?"

आत्या तेव्हा डोशाच्या काउंटरला उभ्या होत्या. आई जाऊन त्यांच्या मागं उभी राहिली. आत्या डोसा खात खात चायनीजकडं गेल्या, आई मागनं गेली. तिथनं पाणीपुरी. आई मागनं. कुठंतरी खुर्चीवर बसतील, एक मिनिट टेकतील, म्हंजे आपल्याला म्हणता येईल. आत्या टेकल्याच नाहीत. उभ्यानं जेवल्या, उभ्यानं आइस्क्रीम खाल्लं, टिश्यूला हात पुसले आणि आईला म्हणाल्या, "विहीणबाई, तुमी जेवलात का नाय? सारख्या माझ्या मागं मागं काय फिरताय?"

आई म्हणाली, "तुमी बसाल म्हणून बघत होते."

"मी कशाला बसू? अजून कुल्फी राहिलीय."

झालं. आईचं गाणं पोटातच राहिलं. आणि तेव्हापासनं आत्यांनी एक ठरवूनच टाकलं. ताईचं डोहाळजेवण असो, भाच्याचं बारसं असो, कुणीतरी म्हणायचंच, "आत्या, ते रुखवताचं म्हणा ना!" आणि आत्या म्हणायच्या. हमालापर्यंत, अख्खं. वर आणखी म्हणायच्या, "आमच्या विहीणबाई मुक्याच हो! एवढं मी बोलले, पण एक ओळ काय तोंडातनं निघाली नाय."

बारशाला आप्पा आलेच नाहीत. म्हणाले, गाडी खाली करायचीय. त्या दिवशी मार्केट बंद होतं.

मी काय गप्प बसणारा नाही. मी आत्यांचा आवाज घोटून घेतला. नाक, खोकला, 'विहीणबाई' म्हणताना 'ही' वर जरा टेकणं, बांगड्या मागं सारायची लकब. आईला हसवायला घरी करायचो. आई म्हणायची, "बास कर, अंगावर काटा येतो." मग मी छोटे छोटे उद्योग सुरू केले. एकदा आत्यांना फोन लावला, त्यांच्याच सोसायटीच्या सेक्रेटरीच्या आवाजात. ते रिटायर्ड गृहस्थ, प्रत्येक वाक्याला 'मॅडम, नियमाप्रमाणे'.

"मॅडम, नियमाप्रमाणे कळवतोय, तुमच्या फ्लॅटमधून कांद्याचा वास येतो अशी कंप्लेंट आहे."

"काय? अहो आमच्यात चातुर्मास आहे! आमी कांदा खात नाय!"

"मग वास?"

"आमी तो विकतो!"

"मॅडम, नियमाप्रमाणे विकणाऱ्याला पण वास येतो."

त्यानंतर म्हणे त्यांनी घरात महिनाभर कापूर जाळला. ताई सांगत होती. मला जरा बरं वाटलं, पण असं किती दिवस पुरणार? पाणीपुरीनं पोट भरत नाही.

आमची घरमालकीण आगरी, करावेचीच. वयानं आजी, आवाजानं लाउडस्पीकर. आई धुणं धुताना ते न म्हटलेलं उत्तराचं गाणं अजून गुणगुणायची, ते तिनं ऐकलं आणि आईला विचारून घेतलं. सगळं ऐकल्यावर ती माझ्याकडं वळली.

"आन मंग तू काय करतंस? सोकऱ्याला आवाज हाय ना देवानं दिलेला?"

"आजी, ताईचं सासर आहे ते."

"हाय ना सासर. मी कुटं ते घर जालाया सांगतंय? गानं दिल्यालं गान्यानं परत द्याचं. नाय दिलास तं ते तुज्याच घरान बसून राहते, भारं नाय भरत नि खोली नाय सोडत."

भाडं न भरणारा भाडोत्री! घरमालकिणीला याच्यापेक्षा वाईट काय सुचणार? पण बोलली ते खरं होतं. गाणं आमच्या दोन खोल्यांत राहतच होतं. आई भाकरी थापायला बसली की तिसरा आवाज असल्यासारखं.

मग या वर्षी आत्यांच्या मुलीचं लग्न ठरलं.

आत्यांचा मला फोन. "बाळा, तू ते अँकरिंग करतोस ना? मग बाहेरचा कशाला बोलवायचा? घरचाच आहेस."

घरचा म्हंजे फुकटचा, हे मला कळलं. मी साखरेचा आवाज काढला. "आत्या, हा काय विचारायचा प्रश्न झाला? माईक माझ्याकडं द्या फक्त."

"आणि हे बघ, सगळं ट्रॅडिशनल पायजे मला. रुखवत, उखाणे, विहिणीची पंगत. पाट, रांगोळी, केळीची पानं. व्हिडिओवाला स्पेशल सांगितलाय. मुलाकडचे ट्रान्सपोर्टवाले आहेत, पंधरा गाड्या आहेत त्यांच्या, आपलं काय कमी दिसायला नको."

घरी येऊन सांगितलं. आप्पा पायाला तेल लावत बसले होते. मुलाच्या वडलांचं नाव ऐकलं आणि तेल लावायचे थांबले.

"आरं, तो आमच्या टोळीत होता की."

"कुठल्या टोळीत?"

"गोण्या उचलायच्या टोळीत. माझ्या आधीचा. मला पहिली गोणी पाठीवर कशी घ्यायची ती त्यानं दाखवली. मग टेंपो घेतला त्यानं, मग ट्रक. पण काय पाठ होती राव त्याची, दोन गोण्या घेऊन पळायचा."

"आत्यांना माहितीये हे?"

"मला कोण विचारतंय?"

"आप्पा, तुमी स्वतःहून सांगू नका."

"मी कशाला सांगू? तू का हसायला लागलास पण?"

आई मात्र वेगळ्याच ठिकाणी अडकली होती. पंगत ऐकल्यापासनं तिचा हात पिठात तसाच. "विहिणीची पंगत म्हणाली? मग मुलाच्या आईला बसवणार, आणि ही वाढणार."

"नाही, आत्या म्हणाल्या मी पण मुलाच्या आईशेजारी पाटावर बसणार. फोटो छान येतो."

आई माझ्याकडं बघत राहिली. मुलीची आई पंगतीत बसत नाही. ती कमरेला पदर खोचून वाढते. ही गोष्ट आमच्याकडं शेंबड्या पोराला माहिती. आत्यांनी फोटोसाठी पद्धत आणली आणि पद्धतीतली मेन गोष्ट विसरल्या.

"ती बसणार? पाटावर? स्वतः?"

"हो."

"मग घास पण धरंल."

"व्हिडिओवाला सांगंल तेवढा वेळ धरंल."

आई परत पीठ मळायला लागली. जरा वेळानं, माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझी ती हिरवी साडी इस्त्रीला टाक."

ताईला कुठनं वास लागला काय माहिती. तिचा फोन आलाच. "हे बघ, तू काय करणार आहेस?"

"अँकरिंग."

"मला शिकवू नकोस. माझ्या सासरचा कार्यक्रम आहे. मला तिथं राहायचंय."

"आई फक्त एक गाणं म्हणणार आहे. पंगतीत. पद्धतीप्रमाणे."

ताईला ते गाणं माहिती होतं, तिनं पण ते माहेरी आली की दर वेळी भांड्यांच्या आवाजात ऐकलं होतं. "आईचं म्हणू दे," ती म्हणाली. "तू तोंड उघडायचं नाहीस."

लग्न खारघरला, दुपारचं. हॉल एवढा मोठा की नवरानवरी हरवले तर सापडू नयेत. मी माईकवर सकाळपासनं लोकांना हसवत होतो. भटजींची नक्कल केली, भटजीच जास्त हसले. आत्या खूश. पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "बाळा, बाहेरच्यानं एवढं केलं नसतं!"

आप्पा मागच्या खुर्चीत बसले होते. फेटा नाही, टोपी. मुलाचे वडील, तो ट्रान्सपोर्टवाला व्याही, अंगानं अजून दणकट, जोधपुरी कोटात खांदे मावत नव्हते. त्यांनी लांबनं आप्पांना बघितलं, डोळे बारीक केले आणि सरळ येऊन आप्पांच्या पाठीवर एक गुद्दा घातला. "काय गड्या! पाठ हाय का गेली?" आप्पांच्या हातातला सरबताचा ग्लास सांडला. दोघं लहान पोरांसारखे हसत सुटले. आत्या तेव्हा मेकअपला गेल्या होत्या. देव कधी कधी अँकरिंग करतो.

मग पंगत. दोन पाट, चांदीची ताटं, रांगोळीत मोर. हा मोर धड होता. मुलाची आई शालू नेसून बसली, शेजारी आत्या बसल्या. मुलाचे वडील बायकोच्या मागं उभे राहिले, व्हिडिओवाल्यानं तसं उभं केलं. सगळ्या बायका गोल करून. मी माईकवर म्हटलं, "आता आपली खरी पद्धत. विहीणबाईंनी पहिला घास हातात धरायचा. गाणं संपेपर्यंत खायचा नाही. दोघींनी धरा. आत्या, थोडा वर, क्यामेऱ्यात येऊ दे."

आत्यांनी जिलेबीचा तुकडा दोन बोटांत धरला आणि मान वाकडी करून हसल्या.

मी माईक आईच्या हातात दिला.

आईचा आवाज माईकवर मी कधी ऐकला नव्हता. पहिली ओळ जरा हलली. मग नाही हलली.

"विहीणबाई बसल्या पाटावर, घास धरा हातात,
आधी सांगा मीठ कुणाचं, पडलं तुमच्या भातात!"

बायका हसल्या. आत्या पण, दात दाखवून.

"कांदा तुमचा, लसूण तुमचा, गाळ्यावर तुमची पाटी,
ट्रकातनं तो चालत आला का, तुमच्या गल्ल्यासाठी?"

मुलाचे वडील एवढे मोठ्यानं हसले की त्यांच्या कोटाचं बटण तुटतं का काय वाटलं. टाळ्या वाजवायला लागले. "वा! वा वहिनी! चालत आला का म्हणे!" आप्पा मागं खुर्चीवरनं अर्धवट उठले होते, जेवायचं ताट हातात धरून.

सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. आईनं माईक खाली घेतला. तिचे कान लाल झाले होते. एवढ्या वर्षांनी उत्तर गेलं होतं. मी आत्यांकडं बघितलं. पोचलं का?

आत्यांनी दुसऱ्या हातानं टाळी वाजवल्यासारखं केलं. आईकडनं माईक मागून घेतला आणि म्हणाल्या, "अगो बाई! विहीणबाई, एवढं छान येतं तुमाला? मग लेकीच्या लग्नात का मुक्या बसलात? मी बाई तेव्हा काय म्हटलं होतं ते मला आठवत पण नाय, पण तुमी काय बोलला नव्हता हे बरोबर आठवतंय!"

परत सगळे हसले. आता आईवर.

आई कसंनुसं हसली आणि पदर सारखा करायला लागली, जो सारखाच होता.

आठवत नाय म्हणे! आमच्या घरात ते गाणं भाडं न भरता राहत होतं, आणि जिनं ते बारशापर्यंत पुन्हा पुन्हा म्हटलं तीच आता व्याह्यांसमोर विसरली. मी ताईकडं बघितलं. ती मुलाला कडेवर घेऊन खांबाजवळ उभी होती. तिनं मान हलवली. 'नको' म्हणायला हलवली का 'बघतोस ना' म्हणायला, मी विचारत बसलो नाही. माईक परत घेतला.

"आत्या, आठवत नाय कसं? मी आठवून देतो ना!"

आणि मी बांगड्या नसलेला हात बांगड्या मागं सारल्यासारखा केला, नाक वर चढवलं आणि 'ख्खं' केलं. बास, तेवढ्यावरच हॉल फुटला. अख्खं खानदान त्या खोकल्याला ओळखत होतं. आत्यांचे मिस्टर, ज्यांना मी कधी दात दाखवताना बघितलं नव्हतं, ते भिंतीला टेकून हसत होते.

"रुखवत आलं रुखवत, वर घातला दुपट्टा,
लाडू फोडाया विहीणबाईंचा, आणा कुणी खलबत्ता!"

आत्या पण हसत होत्या. "मेल्या, अगदी माझाच आवाज!" मग पुढचा शब्द कुठला ते त्यांच्या ध्यानात यायला लागलं. मी ते येताना बघितलं. आधी भुवया आल्या, मग हसू होतं तिथंच थांबलं. त्यांची नजर शेजारच्या पाटाकडं गेली. शालू. आणि शालूच्या मागं.

"विहीणबाईंच्या दारात कसली मोठी धमाल,
शालू नेसून विहीण मिरवी, मागं उभा..."

मी तिथं थांबलो. बायकांनी शेवटचा शब्द म्हणायला तोंडं उघडली होती. आत्यांकडच्या बायकांना तर तो पाठ. पण मुलाचे वडील आप्पांना गुद्दा घालताना त्यांच्यातल्या दोघीतिघींनी मघाशी बघितले होते, दोघं एकाच टोळीतले हे कानोकान गेलं असणार. तोंडं तशीच उघडी राहिली आणि एकेक करून मिटली.

मी माईक आत्यांपुढं धरला. माझ्या स्वतःच्या आवाजात म्हटलं, "आत्या, पुढचा शब्द तुमचा. तुमच्याच तोंडात शोभतो."

एका हातात जिलेबी. तोंडापुढं माईक. पाटावर बसलेल्या, म्हंजे पटकन उठता पण येत नाही. व्हिडिओवाल्याला काय कळेना, तो म्हणतोय, "म्याडम, स्माईल. म्याडम, बोला ना, रोलिंग आहे." जिलेबीचा पाक बोटांवरनं मनगटावर आला, मनगटावरनं पैठणीवरच्या ब्लाऊजच्या बाहीत. आत्यांच्या तोंडातनं 'ख्खं' पण आलं नाही. ताईच्या लग्नात डोशाच्या काउंटरला आत्यांच्या मागं उभी राहिलेली माझी आई मला दिसत होती. आणि मी एक शब्द मदतीला दिला नाही. रोज लोकांना बोलतं करणं माझा धंदा आहे. त्या दिवशी नाही केला.

शेवटी मागनं आवाज आला. मुलाच्या वडलांचा. मार्केटमध्ये गोणी घेऊन येताना 'बाजूला' म्हणायचा जो आवाज असतो, तो.

"हमाल! म्हणा की विहीणबाई. एवढा काय जड शब्द नाय. मी पंधरा वर्षं उचललाय."

मग त्यांनी मान वळवून मागच्या खुर्च्यांकडं बघितलं. "काय रं गड्या?"

आप्पा ताट हातात धरून उभे होते. म्हणाले, "जड नव्हता. पण टोचायचा जरा."

मुलाच्या आईनं शांतपणे आपला घास तोंडात घातला, चावला आणि वर त्या पाणी प्याल्या. आत्यांनी त्यांची जिलेबी ताटात परत ठेवली. धरलेला घास परत ताटात ठेवत नाहीत आमच्याकडं. पण फोटोसाठी पद्धत करणाऱ्यांना एवढं कुठलं माहिती?

मी लगेच माईकवर पुढचा कार्यक्रम जाहीर केला, उखाणे. दणक्यात झाले.

निघताना आत्या माझ्याकडं बघत नव्हत्या. दाजी मात्र गेटपर्यंत सोडायला आले. आप्पांच्या पाया पडले. एरवी पण पडतात, त्या दिवशी जरा जास्त वेळ खाली राहिले. ताईनं भाच्याला माझ्या कडेवरनं ओढून घेतलं आणि ती आत गेली. मला वाटलं, झालं, बहीण गेली.

खारघरवरनं रिक्षा केली. ऊन मी म्हणत होतं. आप्पा वारा लागावा म्हणून पुढं ड्रायव्हरशेजारी कसेबसे टेकले, मी आणि आई मागं. आईनं मांडीवर पिशवी धरली होती, त्यात आहेराचा नारळ.

"तुला सांगितलं होतं ताईनं, तोंड उघडायचं नाही म्हणून," आई म्हणाली.

"हो."

"तिला तिथं राहायचंय."

"हो."

तेवढ्यात फोन वाजला. ताईचा मेसेज. मी भीत भीत उघडला. लिहिलं होतं, 'खोकला जरा जास्त झाला. बाकी ओके.' खाली आणखी एक ओळ: 'घरात आज कुणीच बोलत नाहीये. मस्त शांत वाटतंय.'

मी आईला वाचून दाखवला. आईनं पिशवी बाजूला ठेवली.

"ती जिलेबी कशी धरली होती तिनं?"

"कोणी?"

"कोणी म्हंजे? दाखव की."

मी दाखवली. दोन बोटं, मान वाकडी, आणि मग ते हसू, जे येऊन अडकलं होतं.

"आणि पाक गळाया लागला तेव्हा?"

मी मनगट वाकडं केलं, बाहीत बघितलं, परत व्हिडिओवाल्याकडं बघितलं. रिक्षावाल्यानं आरशातनं माझ्याकडं बघितलं आणि जरा आप्पांकडं सरकला. आईचं हसू फुटलं. पदर तोंडात घालून, खांदे हलवत, डोळ्यातनं पाणी येईपर्यंत. ती असं हसताना मी बघितलं नव्हतं.

"परत दाखव," ती म्हणाली.

मी परत दाखवलं. आप्पा पुढनं म्हणाले, "गाण्यासकट दाखव." म्हणून मी गाण्यासकट सुरू केलं, आत्यांच्या नाकात, रुखवतापासनं. शेवटच्या शब्दाला मी थांबलो, आणि तो शब्द आप्पा आणि आई दोघांनी मिळून म्हटला, एवढ्या जोरात की सिग्नलला शेजारच्या गाडीनं काच खाली केली.

आता ते गाणं कुणी सुरू केलं की मला खांदेश्वरचा हॉल दिसत नाही. बाहीत चाललेला पाक दिसतो. आणि घरात तर आई स्वतःच सुरू करते, भाकरी थापताना. मी घरात आलो की पहिलं तेच.

"आलास? हात धू. आणि ती जिलेबी दाखव."